कामाची उकल करणारा पेशा : बिझनेस अॅनालिस्ट

नोकरीच्या जाहिराती चाळणाऱ्यांना 'बिझनेस अॅनालिस्ट' हे पद आता नवीन राहिलेले नाही. पुणे, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, गुरुग्राम, जिथे म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या, बँका आणि विमा कंपन्यांची मोठी कार्यालये आहेत तिथे या पदासाठी माणसे हवी असतात. मुलगा किंवा सून अशा नोकरीला लागली की घरात आनंद होतो, पेढे वाटले जातात. पण शेजारच्या काकूंनी 'म्हणजे ती नेमकं काय करते?' असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. 'कॉम्प्युटरचं काहीतरी आहे' एवढ्यावर वेळ मारून नेली जाते.

गंमत अशी की हे काम मुळात कॉम्प्युटरचे नाहीच. ते आहे माणसांना बोलते करण्याचे.

समजा, एका सहकारी बँकेत घरकर्ज मंजूर व्हायला तीन आठवडे लागतात. ग्राहक कंटाळून दुसरीकडे जातात. संचालक ठरवतात की नवे सॉफ्टवेअर घ्यायचे. अशा वेळी बिझनेस अॅनालिस्टने लगेच सॉफ्टवेअर कंपन्यांची माहितीपत्रके मागवायची नसतात. त्याने आधी एक फाइल उचलून तिच्यामागे चालायचे असते. ती कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहिली, परत का आली, शिपाई ती कुठे घेऊन गेला, हे पाहायचे असते. असे पाहताना कदाचित लक्षात येते की तीन आठवड्यांतले दहा दिवस फाइल केवळ अपुऱ्या कागदांमुळे पुढे-मागे फिरते आहे, कारण कोणते कागद आणायचे हे पहिल्या खिडकीवर कुणी नीट सांगतच नाही. तिथे छापील यादी लावली आणि अर्ज घेतानाच कागद तपासले तर निम्मे काम होते. सॉफ्टवेअर नंतर घेता येईल, आणि घेतले तरी ते कशासाठी हे तेव्हा ठाऊक असेल. चांगल्या अॅनालिस्टचा सर्वांत मोलाचा सल्ला पुष्कळदा 'हे विकत घेऊ नका' असा असतो. तो ऐकणारे मालक मात्र कमीच!

लंडनचा धडा

हा सल्ला ऐकला नाही तर काय होते, याचे उदाहरण या पेशातल्या बहुतेक वर्गांत सांगितले जाते. ते आहे लंडनच्या अॅम्ब्युलन्स सेवेचे.

१९९२ पर्यंत लंडनमध्ये रुग्णवाहिका पाठवण्याचे काम हाताने चाले. फोन आला की कर्मचारी कागदी फॉर्म भरत, तो सरकत्या पट्ट्यावरून पुढच्या टेबलावर जाई, तिथले लोक नकाशा आणि अनुभव यांच्या जोरावर कोणती गाडी पाठवायची ते ठरवत. पद्धत संथ होती, हे खरेच. म्हणून वरिष्ठांनी अशी यंत्रणा आणायची ठरवली की जी सर्वांत जवळची गाडी आपोआप शोधून तिला आदेश देईल. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी ती सुरू झाली.

यंत्रणेचे सारे गणित एका गृहीतावर उभे होते. ते असे की प्रत्येक गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की कामात, हे कॉम्प्युटरला दर क्षणी बिनचूक ठाऊक असेल. त्यासाठी गाडीतल्या माणसांनी ठरलेली बटणे ठरलेल्या क्रमाने दाबायची होती. पण समोर रक्तबंबाळ माणूस पडलेला असताना बटणांचा क्रम कोण लक्षात ठेवणार? काही भागांत रेडिओचे संदेश नीट पोहोचत नव्हते. कधी नेमून दिलेली गाडी सोडून लोक दुसरीच गाडी घेऊन निघत. आजवर ही तफावत नियंत्रण कक्षातले अनुभवी लोक बोलून सांभाळून घेत असत, कॉम्प्युटरला ते जमेना. एकाच ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, दुसरीकडे एकही पोहोचेना. वाट पाहून थकलेले लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले, त्यामुळे फोनची रांग आणखी वाढली. चूक दाखवणारे संदेश पडद्यावर इतके साचले की महत्त्वाचे संदेश वर सरकून दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धे काम पुन्हा हाताने सुरू करावे लागले. ४ नोव्हेंबरला यंत्रणा बंदच पडली आणि सेवा पुन्हा कागदावर आली. मुख्य अधिकाऱ्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता.

चौकशी अहवाल १९९३ च्या फेब्रुवारीत आला. सॉफ्टवेअरमध्ये दोष होते, पण अहवालाने बोट ठेवले ते अधिक मुळाशी. वेळापत्रक अशक्यप्राय होते, आणि ज्यांनी ही यंत्रणा वापरायची त्या कर्मचाऱ्यांना ती घडवताना पुरेसे विचारातच घेतले नव्हते. याच सेवेने १९९६ मध्ये नवी यंत्रणा आणली, ती मात्र कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन आणि एकेक टप्पा पार पाडत. ती चालली.

आपल्याकडचे याच्या उलट उदाहरण घरोघरी माहीत आहे, फक्त त्याकडे या नजरेने कुणी पाहत नाही. रेल्वेचे आरक्षण पूर्वी गाडीगणिक वेगळ्या खिडकीवर, जाडजूड रजिस्टरात होत असे. चुकीच्या रांगेत दोन तास उभे राहिलेली पिढी अजून आहे. १९८५-८६ मध्ये सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने नवी दिल्लीत कॉम्प्युटरवर आरक्षण सुरू केले तेव्हा कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. इथे अवघड भाग यंत्राइतकाच नियमांचा होता. महिलांसाठीच्या जागा, निरनिराळे कोटे, सवलती, प्रतीक्षायादी, मधल्या स्थानकांसाठी राखलेल्या जागा, भाडे आकारण्याच्या तऱ्हा. यातले पुष्कळसे बारकावे बुकिंग क्लार्कच्या सरावात मुरलेले असतात. ते कुणीतरी समोर बसून, विचारून, कागदावर मांडल्याशिवाय यंत्राला कळण्याचा मार्ग नव्हता. तेव्हा या कामाला बिझनेस अॅनालिसिस म्हणत नव्हते इतकेच.

पेशाला घर मिळाले

हे काम करणारी माणसे जगभर होती, पण कुणी त्यांना सिस्टिम्स अॅनालिस्ट म्हणे, कुणी कन्सल्टंट, तर कुणी नुसतेच 'प्रोजेक्टमधला माणूस'. काम चांगले झाले तर श्रेय प्रोग्रॅमरचे, बिघडले तर दोष याचा! मग ऑक्टोबर २००३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे २८ संस्थापक सदस्यांनी मिळून 'इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अॅनालिसिस' ही संस्था स्थापन केली. तिचे संक्षिप्त नाव आयआयबीए. कॅथलीन बॅरेट तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. ही नफ्यासाठी चालणारी कंपनी नव्हे, व्यावसायिकांची संघटना आहे. तिच्या शाखा आता अनेक देशांत आहेत आणि भारतातही सभासद आपापल्या शहरात सभा, व्याख्याने व अभ्यासवर्ग भरवतात.

संघटनेने सर्वांत मोठे काम केले ते या पेशाचे ज्ञान एका ग्रंथात बांधण्याचे. त्याला सगळे 'बाबोक' म्हणतात. त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. तिच्यात कामाचे सहा भाग पाडले आहेत आणि पन्नास तंत्रे सांगितली आहेत. ग्रंथ कोरडा आहे, झोप येत नसेल त्याने रात्री उशाशी ठेवावा. पण त्यातली एक गोष्ट मनात राहते. लोकांच्या गरजा 'गोळा करणे' असा शब्दप्रयोग तो टाळतो. गरजा काही पारिजातकाच्या फुलांसारख्या अंगणात पडलेल्या नसतात की वेचल्या आणि परडीत घातल्या. साहेब एक सांगतो, कारकून दुसरेच करतो आणि ग्राहकाला तिसरेच हवे असते. तिघांनाही बोलते करून त्यातून खरी गरज बाहेर काढावी लागते.

आणि हे ज्याला जमते तो इंजिनीअर असलाच पाहिजे असे नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा देशातल्या लहानमोठ्या सगळ्या कंपन्यांना बिलिंगची पद्धत बदलावी लागली. राज्यातल्या विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा, परराज्यातल्या विक्रीवर एकत्रित कर, परत आलेल्या मालाचे काय, आगाऊ रकमेचे काय? अशा वेळी प्रोग्रॅमरला हे उलगडून सांगू शकणारी, दहा वर्षे हिशेबखात्यात काढलेली बी.कॉम. बाई ही त्या खोलीतली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती असते. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर काम केलेला माणूस, विम्याचे दावे हाताळलेला कारकून, गोदाम सांभाळलेला सुपरवायझर या सगळ्यांजवळ असे भांडवल असते. त्यांना ते भांडवल वाटत नाही, ही आपल्याकडची खरी अडचण आहे.

प्रमाणपत्राचा मोह

आता प्रमाणपत्रांविषयी. इथे वाचकांनी थोडे सावध असावे.

आयआयबीएची तीन पायऱ्यांची प्रमुख प्रमाणपत्रे आहेत. नवख्यांसाठी ईसीबीए, काही वर्षे काम केलेल्यांसाठी सीसीबीए आणि अनुभवी लोकांसाठी सीबीएपी. यातले शेवटचे सर्वांत मानाचे. त्यासाठी गेल्या दहा वर्षांत या कामाचा निदान ७५०० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. दिवसाचे आठ तास धरले तरी हे सुमारे ९४० कामाचे दिवस झाले, आणि त्यात फक्त विश्लेषणाचेच तास मोजतात, कार्यालयात बसलेले सगळे नव्हेत. त्याशिवाय ३५ तासांचे प्रशिक्षण लागते, मग साडेतीन तासांत १२० प्रश्नांची परीक्षा. सीसीबीएसाठी गेल्या सात वर्षांतले ३७५० तास लागतात. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये असेच आपले वेगळे प्रमाणपत्र काढले, तेही कंपन्या मानतात.

तासांची ही अट पाहिली की एक गोष्ट उघड होते. वरची प्रमाणपत्रे काम केलेल्याच्या कामावर शिक्का मारतात. काम मिळवून देण्यासाठी ती नाहीतच. तरीही 'दोन महिन्यांत बिझनेस अॅनालिस्ट व्हा, नोकरीची हमी' अशा पाट्या लावून हजारो रुपये उकळणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीच्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून अशा ठिकाणी भरावेत हे आम्हाला अजिबात पटत नाही. पैसे भरण्यापूर्वी वर्गचालकाला एवढेच विचारा की त्याने स्वतः किती वर्षे हे काम केले आहे, आणि कुठे. उत्तर देताना तो विषय बदलू लागला तर चपला घाला.

दुसरा घोटाळा नावाचा आहे. 'बिझनेस अॅनालिटिक्स' हा वेगळा विषय. त्यात आकडेवारी, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग यांवर भर असतो. नावे सारखी वाटतात म्हणून एकाची फी भरून दुसऱ्याचा अभ्यास करणारे विद्यार्थी असतात. नोकरीच्या जाहिरातीतही नुसत्या पदनामावर जाऊ नका. काही छोट्या कंपन्या परदेशी ग्राहकांना प्रस्ताव लिहून पाठवणाऱ्यालाही हेच नाव देतात, म्हणजे काम विक्रीचेच. जाहिरातीतली कामाची यादी वाचा, मुलाखतीत 'पहिल्या सहा महिन्यांत मी कुणाकुणाशी बोलेन?' असे विचारा. उत्तरात वापरणारी माणसे नसतील तर ते पद नावापुरते आहे.

बैठकीचा वृत्तांत लिहिणे, गरजांचा मसुदा तयार करणे ही कामे आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने झरझर करून देतात. केवळ टिपणे काढणाऱ्यांना याची झळ बसेल. पण बैठकीत गप्प बसलेल्या हेडक्लार्कला चहाच्या वेळी गाठून 'तुम्ही काही बोलला नाहीत, काय खटकलं?' असे विचारायचे काम अजून माणसाकडेच आहे.

घरी थांबलेल्या स्त्रियांसाठी

संघटनेच्या नियमांतली एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या स्त्रियांना जाचते. अनुभव गेल्या दहा किंवा सात वर्षांतलाच धरला जातो. बाळंतपण, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे आजारपण यांत आठ-नऊ वर्षे गेलेल्या बाईचे आधीचे बहुतेक तास या हिशेबातून गळून पडतात. ज्ञान जुने होते हे मान्य, पण समोरच्याला बोलते करण्याची कला घर सांभाळताना बोथट होते असे आम्हाला वाटत नाही. नियम मात्र नियम आहे. म्हणून नोकरी सोडण्याचा विचार असेल आणि तास भरत आलेले असतील, तर अर्ज आधी करून टाका. मिळालेले प्रमाणपत्रही दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी अभ्यासाचे ठरावीक तास भरावे लागतात. यातले बरेचसे घरबसल्या वाचन, व्याख्याने आणि शाखेचे स्वयंसेवी काम यांतून जमवता येतात, हे त्यातल्या त्यात बरे.

जे आज नोकरीत आहेत त्यांनी एक साधी वही ठेवावी. कोणत्या प्रकल्पावर, कोणत्या महिन्यात, किती तास, नेमके काय केले, हे दर शनिवारी पाच ओळींत लिहावे. पदनाम काहीही असले तरी चालते, संघटना काम पाहते. अर्जासोबत दोन जणांची शिफारसही लागते, ज्यांनी तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे अशांची. साहेब बदली होऊन जातात, कंपनी सोडतात, परदेशी जातात. त्यांचा निरोपसमारंभ होईल त्याच दिवशी त्यांचा घरचा फोन नंबर आणि ईमेल त्या वहीत उतरवून घ्या.