पडलेल्या विधेयकांचा जमाखर्च

वर्तमानपत्रांत विधिमंडळाच्या कामकाजाची हकीकत वाचून झाली, कीं सुशिक्षित घरांतून एक ठराविक उद्गार ऐकूं येतो : "या विरोधी पक्षवाल्यांनीं बोलण्यापलीकडे केलें काय? एक तरी कायदा यांच्या नांवावर आहे काय?" विचारणाराला हा प्रश्न बिनतोड वाटतो आणि ऐकणारे माना डोलावून चहाकडे वळतात. आम्हांला मात्र तो बिनतोड तर नाहींच, पण अविचाराचा वाटतो; आणि सुशिक्षितांच्या तोंडीं तो शोभत नाहीं, हें स्पष्ट सांगण्यासाठींच आज आम्हीं लेखणी उचलली आहे. ज्याच्या पाठीशीं बहुमत नाहीं त्याच्या नांवावर कायदे शोधणें म्हणजे कुळाच्या झोपडींत खोताची तिजोरी शोधण्यासारखें आहे. विरोधकाच्या कामाचा जमाखर्च निराळ्या वहींत मांडावा लागतो. तो कसा मांडावा, हें एका उदाहरणानें दाखवितों.

उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकरांचें. यांत नवें काय, असें वाचक विचारतील. नवें हें, कीं ज्या आंबेडकरांना आपण ओळखतों ते घटनाकार आंबेडकर होत. हातांत ग्रंथ घेऊन चौकाचौकांत उभे असलेले. मुंबईच्या कायदेमंडळांत विरोधी बाकांवर बसून, मतदानांत हरत हरत, गिरणीकामगार, कुळें आणि वतनाच्या जोखडाखालीं राबणारे महार यांची बाजू मांडणारे आंबेडकर आपल्या वर्गाच्या स्मरणांतून जवळ जवळ पुसले गेले आहेत. ही विस्मृति केवळ योगायोगाची आहे असें आम्हांला वाटत नाहीं. घटनाकाराला हार घालणें सोपें आहे. पण विरोधी बाकांवरून ते जें बोलले त्यांतील बरेंचसें आपल्यालाच उद्देशून होतें, आणि तें ऐकणें अजूनहि सुखाचें नाहीं.

१९२७ च्या आरंभीं ते मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलांत सरकारनियुक्त सभासद म्हणून आले. नेमणूक सरकारची असली तरी वाणी सरकारची नव्हे, हें लवकरच दिसून आलें. १९२८ च्या मार्चांत त्यांनीं १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें विधेयक मांडलें. महार वतनदार म्हणजे तुटपुंज्या इनाम जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यांत रात्रंदिवस राबणारा सरकारचा नोकर. बलुतें मिळावें कीं न मिळावें, हें मात्र गांवकऱ्यांच्या मर्जीवर. ज्याला या चाकरींतून सुटावयाचें असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळें होऊं द्या, आणि जो चाकरी करील त्याला धड वेतन द्या, असें त्या विधेयकाचें मागणें होतें. सरकारी विरोधापुढें १९२९ सालीं तें मागें घ्यावें लागलें. खर्चाच्या बाजूला पहिली रक्कम पडली.

त्याच १९२८ सालच्या जुलैंत मजूर स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याचें विधेयक चर्चेस आलें. मातेला प्रसूतीच्या आगेंमागें विश्रांति मिळणें हें साऱ्या राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारनें उचलावा; पण स्त्रीच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकालाहि आपला वाटा टाळतां येणार नाहीं, असा डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद होता. चारच वर्षांपूर्वीं, १९२४ सालीं, ना. म. जोशी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत याच विषयाचें विधेयक आणलें होतें आणि तें फेटाळलें गेलें होतें. मुंबईंत मात्र १९२९ सालीं कायदा झाला. एका सभागृहांत पडलेला मुद्दा दुसऱ्या सभागृहांत उभा राहतो, तो असा. दिल्लीस जोशी हरले म्हणून त्यांचे शब्द वायां गेले, असें कोण म्हणेल?

पुढें १९३६ च्या ऑगस्टमध्यें स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९३७ च्या निवडणुकींत १७५ जागांच्या मुंबई विधानसभेंत त्याचे पंधराच्या आसपास सभासद निवडून आले. एवढ्या बळावर डॉ. आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं पुण्याच्या अधिवेशनांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. खोती म्हणजे काय, हें कोंकणांतील वाचकांना सांगावयास नको. सरकार आणि कसणारा यांच्या मध्यें बसलेला खोत सरकारचा सारा भरी, कुळाकडून त्याहून कितीतरी अधिक धान्य घेई आणि वर वेठहि घेई. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबा-पणजोबांच्या घरीं खोती होती. घरांत सांगितल्या जाणाऱ्या जुन्या गोष्टींत आंब्या-फणसांचे ढीग असतात. ते डोक्यावरून कोणीं वाहून आणले, तें त्या गोष्टींत नसतें. ज्यांनीं वाहून आणले त्यांच्यापैकीं कांहींनीं अलिबागजवळच्या चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून संप चालविला होता. उपासमार सोसली, पण जमिनी कसल्या नाहींत. त्यांचें गाऱ्हाणें कायद्याच्या भाषेंत सभागृहापुढें ठेवण्याचें काम या विधेयकानें केलें.

आणि तें किती संयमानें! खोतांना वाजवी नुकसानभरपाई देण्याची तरतूद त्यांत होती. कसणाराचा सरकारशीं थेट संबंध जोडून द्यावा, एवढाच त्याचा गाभा होता. १० जानेवारी १९३८ रोजीं हजारो शेतकरी मोर्चानें मुंबईस कायदेमंडळावर आले. तरीहि विधेयक मार्गीं लागलें नाहीं. मंत्रिमंडळानें १९३९ सालीं कूळकायदा केला. खोती मात्र राहिली. खर्चाच्या बाजूला दुसरी रक्कम पडली.

तिसरी रक्कम सर्वांत मोठी. १९३८ च्या सप्टेंबरांत मंत्रिमंडळानें औद्योगिक कलहांचें विधेयक आणलें. तडजोडीची लांबलचक कार्यवाही पुरी होण्यापूर्वीं केलेला संप बेकायदा ठरावा आणि त्याबद्दल कामगारास कैदेची शिक्षा व्हावी, अशी त्यांत योजना होती. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. डॉ. आंबेडकर संपाचे भोक्ते नव्हते. १९२९ च्या गिरणीसंपाला त्यांनीं उघड विरोध केला होता. ज्या विणकाम खात्यांत पगार अधिक त्यांत अस्पृश्य कामगारास प्रवेश नाहीं, आणि संपाच्या पुढाऱ्यांना त्याचें सोयरसुतक नाहीं, हें त्यांचें दुःख होतें. असा मनुष्य १५ सप्टेंबर १९३८ रोजीं संपाच्या हक्कासाठीं उभा राहिला. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा : काम सोडणें हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा नव्हे; मनुष्याला त्याच्या इच्छेविरुद्ध कामास जुंपणें याला गुलामगिरी हेंच नांव आहे; आणि स्वातंत्र्याचा हक्क जर पवित्र, तर संपाचा हक्कहि तितकाच पवित्र, कारण तें त्याचेंच दुसरें नांव आहे. कायदेभंगाच्या चळवळींत तुरुंग पाहून आलेल्या मंत्र्यांना हें ऐकावें लागलें. उत्तर मिळालें तें बहुमताचें. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईंत एक दिवसाचा निषेधाचा संप झाला, त्यांत स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले, पोलिसांचा गोळीबारहि झाला. कायदा कायम राहिला.

त्यानंतर तीनच दिवसांनीं, १० नोव्हेंबरला, या पक्षाचे सभासद रोहम यांनीं संततिनियमनाच्या प्रसारासाठीं सरकारनें उपाय योजावेत असा ठराव मांडला. भाषण डॉ. आंबेडकरांनीं तयार केलेलें होतें. वारंवारच्या बाळंतपणांनीं खंगणाऱ्या गरीब स्त्रीचा प्रश्न भर सभागृहांत काढणें हें त्या काळीं अशिष्टपणाचें समजलें जाई. ठरावास अनुकूल मतें पडलीं ११, प्रतिकूल ५२.

आतां जमेची बाजू पाहूं. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. महार वतनासह गांवचीं कनिष्ठ वतनें रद्द करणारा कायदा १९५८ चा. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ पासून पहिल्या पंचवार्षिक योजनेंत सुरू झाला. कायदे करणारे हात दुसरे, सह्या दुसऱ्यांच्या. पण ज्या मागण्या एकदां हरल्या, त्याच पुढें सरकारच्या मुखानें बोलूं लागल्या. ११ मतें ५२ मतांना कालांतरानें जिंकतात, आणि हें जिंकणें कोणत्याहि मतपत्रिकेंत नोंदलेलें नसतें.

यावर कोणी म्हणेल, कीं काळ पालटला, हे कायदे कसेहि झालेच असते. "कसेहि" या शब्दावर आमचा विश्वास नाहीं. काळ आपल्या पायांनीं सभागृहांत चालत येत नाहीं; त्याला कोणीतरी हात धरून आणावें लागतें, आणि पहिल्या खेपेस आणणारा बहुधा अपमान पदरीं घेऊन परत जातो. दुसरा आक्षेप त्या वेळचा : परक्या सत्तेशीं झगडणाऱ्या पक्षाचें पहिलेंच मंत्रिमंडळ, त्याला विरोध म्हणजे राष्ट्रकार्यांत विघ्न. यावर आमचें उलट विचारणें आहे. ज्या राष्ट्राचें कार्य चाललें होतें, त्यांत चरीचीं कुळें आणि परळच्या चाळींतील कामगार धरले होते कीं नव्हते? धरले असतील, तर त्यांचें गाऱ्हाणें मांडणें हेंहि राष्ट्रकार्यच होतें.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. संपाच्या कायद्याची बाकी जमेंत उतरली नाहीं. तो पराभव खरा पराभव होता. परंतु १९४२ च्या जुलैंत डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खात्याचे सभासद झाले तेव्हां, विरोधी बाकांवर केलेला अभ्यास घेऊनच ते तेथें गेले. आणि १९४६ पर्यंत त्यांनीं तें खातें सांभाळलें. विरोधी बाक ही राज्यकारभाराची शाळा आहे. आरडाओरडीनें त्या शाळेंत कोणी उत्तीर्ण होत नाहीं.

आतां आजच्या विरोधकांकडे वळूं. कारण सत्ताधाऱ्यांना दोष देऊन थांबणें हा अर्धाच न्याय होईल. २०२० च्या सप्टेंबरांत संसदेनें कामगारविषयक तीन संहिता संमत केल्या : लोकसभेनें २२ तारखेस, राज्यसभेनें २३ तारखेस. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेनें संपापूर्वीं चौदा दिवसांची सूचना देण्याचें बंधन सर्व उद्योगांना लागू करण्याचें ठरविलें. पूर्वीं तें लोकोपयोगी सेवांपुरतें होतें. विषय तोच, १९३८ चा. पण विरोधकांचे बाक बहुतेक रिकामे होते. राज्यसभेंतील आठ सभासदांच्या निलंबनाच्या निषेधार्थ त्यांनीं बहिष्कार घातला होता. निलंबनाचा राग आम्ही समजूं शकतों. आणि विरोधक नसतांना कोट्यवधि कामगारांचे कायदे घाईनें उरकून घेणाऱ्या सरकारचें वर्तन आम्हांला निंद्यच वाटतें. परंतु रिकाम्या बाकाचें भाषण छापलें जात नाहीं. १९३८ चा एक पराभूत युक्तिवाद आम्ही येथें उतरवून घेऊं शकलों, कारण तो सभागृहांत उच्चारला गेला, लेखनिकानें टिपला, आणि महाराष्ट्र शासनानें १९८२ सालीं त्या भाषणांचा खंड प्रसिद्ध केला. २०२० च्या त्या दोन दिवसांसाठीं पुढच्या पिढीनें कोणतें पान उघडावें?

शेवटीं आमच्या वाचकांविषयीं. चहाच्या पेल्याशीं विचारलेला तो प्रश्न आपण ज्याला विचारतों त्याच्याइतकाच आपल्यालाहि लागू आहे. विरोधक काय बोलला, तें आपण वाचलें काय? त्यानें मांडलेलें विधेयक कोणत्या विषयाचें होतें आणि कां पडलें, याची आपण कधीं चौकशी केली काय? सभात्याग आणि गोंधळ यांचीं चित्रें आपण चवीनें पाहतों, आणि ज्या दिवशीं एखादा सभासद घरकामगारांच्या किंवा ऊसतोडणी कामगारांच्या प्रश्नावर अभ्यासपूर्वक बोलतो, त्या दिवशीं पान उलटतों. मग त्यानें गोंधळच कां करूं नये? जें गिऱ्हाईक मागतें तेंच बाजारांत येतें.

१९३८ सालींहि सुशिक्षित घरांतून हाच प्रश्न विचारला गेला असेल, कीं या पंधरा जणांनीं केलें काय. उत्तर ज्या नातवंडांच्या हातीं आलें, त्यांच्या नांवावर आज कोंकणांत सात-बारा आहे. त्यांच्यापैकीं एखाद्याला तो उतारा दाखवावयास सांगावें, आणि मग ठरवावें, कीं पडलेलें विधेयक पडलें होतें कीं पेरलें गेलें होतें.