नदीच्या अलीकडे बारा वर्षे, पलीकडे पंधरा

ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या उत्तर काठावर ऑल्बरी आणि दक्षिण काठावर वोडोंगा ही शहरे समोरासमोर वसली आहेत. पूल ओलांडला की न्यू साउथ वेल्स संपते आणि व्हिक्टोरिया राज्य लागते. परक्या जमिनीवर उघड आणि सलग कब्जा ठेवून मालकी सांगायची, तर ऑल्बरीत १२ वर्षे लागतात, वोडोंगात १५. घराचा करार केल्यावर मन फिरले, तर माघारीसाठी ऑल्बरीत साधारणपणे कामकाजाचे ५ दिवस मिळतात, वोडोंगात ३. राजधानी कॅनबेराच्या प्रदेशात तर कब्जाने मालकी मिळतच नाही. सहा राज्ये आणि दोन मोठे प्रदेश मिळून जमिनीच्या कायद्यांचे आठ संच एका देशात नांदतात. ते एक व्हावेत म्हणून तिथल्या कायदा आणि उद्योग क्षेत्रातील संघटनांनी ‘प्रॉपर्टी लॉ रिफॉर्म अलायन्स’ ही आघाडी उभारली. (आपल्याकडे ‘समान कायदा’ म्हटले की लग्न, वारसा आणि धर्म डोळ्यांपुढे येतात, इथे त्यांचा संबंध नाही. प्रश्न फक्त जमिनीची मालकी, तारण आणि खरेदी-विक्रीचा आहे.) ही मागणी रास्त आहे. ती अडली आहे ती तत्त्वामुळे कमी आणि सवयीमुळे जास्त.

गंमत अशी की या आठही संचांचा पूर्वज एकच. रॉबर्ट टॉरेन्स हा ॲडलेडमधला जकात खात्याचा अधिकारी. जहाजाची मालकी नोंदवहीवरून ठरते, मग जमिनीची का ठरू नये, हा त्याचा प्रश्न. साउथ ऑस्ट्रेलियाने १८५८ मध्ये त्याच्या आग्रहाने कायदा केला आणि सरकारी नोंदवहीतले नाव हीच मालकी ठरली. जुन्या दस्तांची चळत उपसण्याची गरज उरली नाही. इतर वसाहतींनी तो उचलला, पण प्रत्येकीने आपापल्या शब्दांत, आणि पुढे प्रत्येकीच्या न्यायालयांनी त्याला आपापले वळण दिले. परिणाम काय होतो, ते न्यू साउथ वेल्समधल्या १९८८ च्या एका निकालात दिसते. एका वृद्धाने आपला सांभाळ करणाऱ्या बाईला हयातभर घरात राहू देण्याचा शब्द दिला होता. तो वारला, घर मुलाच्या नावावर नोंदले गेले. मुलाने घरासाठी पैसा मोजलेला नसला तरी नोंद झाली, म्हणून त्या शब्दाचे ओझे त्याच्यावर नाही, असे न्यायालय म्हणाले. व्हिक्टोरियाची न्यायालये उलट मानतात: फुकट मिळालेली मालकी आधीच्या हक्कांसकट येते. मला व्हिक्टोरियाची बाजू अधिक न्याय्य वाटते. पण म्हातारपणी कुणाच्या तरी शब्दावर विसंबलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर राहणार की नाही, हे घर नदीच्या कोणत्या काठावर आहे त्यावरून ठरावे, याचे समर्थन दोन्ही बाजूंना करता येणार नाही.

यावर एक चाणाक्ष आक्षेप असा की, दोन्ही राज्यांच्या कायद्यांतले शब्द बरेचसे सारखेच होते, तरी न्यायाधीशांनी वेगळे अर्थ काढले. मग मसुदा एक करून काय साधणार? पण वेगळे अर्थ टिकून राहिले, कारण कायदे वेगळे होते. मूळ कायदाच एक असेल, तर वरच्या न्यायालयाने एकदा लावलेला अर्थ सगळ्यांना लागू होतो. दुसरा आक्षेप प्रयोगशीलतेचा: टॉरेन्सची पद्धत एका राज्यातून आली, फ्लॅटच्या स्वतंत्र मालकीचा कायदाही १९६१ मध्ये न्यू साउथ वेल्सने आधी केला. खरे आहे. मात्र १२ वर्षे आणि १५ वर्षे हा काही प्रयोग नव्हे. त्याचा निष्कर्ष कुणी तपासत नाही. तो मागे राहिलेला गाळ आहे. आणि जमीन ही स्थानिक बाब, हे तत्त्व तर ऑस्ट्रेलियाने स्वतःच मोडले आहे. माबो खटल्याच्या १९९२ च्या निकालानंतर आदिवासींच्या जमीनहक्कांसाठी १९९३ मध्ये आला तो संघराज्याचा कायदा.

आणखी एक अडचण सांगितली जाते ती पैशाची. मुद्रांक शुल्क राज्यांचे. नोंदवही चालवणेही कमाईचे: न्यू साउथ वेल्सने २०१७ मध्ये ते काम ३५ वर्षांसाठी २.६ अब्ज डॉलरना खासगी कंपनीकडे सोपवले. पण कायदा एक होण्यासाठी शुल्क किंवा नोंदवही एक व्हावी लागत नाही. तिजोरी जिथल्या तिथे राहू शकते. वाटही मळलेली आहे. जमिनीखेरीजच्या मालमत्तेवर, म्हणजे मोटारी, यंत्रे, गोदामातला माल यांवर, कर्ज देण्याचे नियम पूर्वी सत्तरहून अधिक कायद्यांत विखुरलेले होते. राज्यांनी राज्यघटनेतल्या सोयीनुसार आपला अधिकार संघराज्याकडे दिला, २००९ मध्ये एक कायदा झाला आणि २०१२ पासून देशभरासाठी एक नोंदवही सुरू झाली. संगणकावरून जमीन हस्तांतर करायची वेळ आली, तेव्हाही २०१२ च्या न्यू साउथ वेल्सच्या कायद्याभोवती इतर राज्ये जमली. यंत्राला आठ बोली चालत नाहीत म्हटल्यावर सरकारे हलली. माणसांना मात्र त्या चालवून घ्याव्या लागतात.

आपल्याकडे चित्र उलटे आहे, आणि एकसमानतेवर टीका करणारा आपल्याकडेच बोट दाखवू शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, नोंदणी कायदा १९०८ चा, मुदतीचा कायदा १९६३ चा; तिन्ही केंद्रीय. खासगी जमिनीवरच्या कब्जाची १२ वर्षे पुण्यात तीच, पाटण्यात तीच. तरी फ्लॅट घेताना ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढावा लागतो आणि वर्तमानपत्रांतून ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशा जाहीर नोटिसा झळकतात. सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, एवढेच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता म्हणते. नोंद म्हणजे मालकी, असे म्हणत नाही. म्हणजे कायदा एक असून खात्री नाही. पण यातून एकसमानता निरुपयोगी ठरत नाही, अपुरी ठरते. मोजणी, नोंद आणि हमी हे खर्चाचे, चिकाटीचे काम आपण अर्धवट ठेवले. ऑस्ट्रेलियाने ते दीडशे वर्षांपूर्वीच हाती घेऊन तडीस नेले. तिथे उरले आहे ते तुलनेने स्वस्त काम: आठ मजकुरांचा एक मजकूर करणे.

तेही राज्ये एकेकटीच करत बसली आहेत. क्वीन्सलँडने १९७४ चा आपला मालमत्ता कायदा मोडीत काढून २०२३ मध्ये नवा केला आणि तो १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. विक्रेत्याने घराची माहिती आधीच लेखी द्यावी, ही त्यातली चांगली तरतूद. व्हिक्टोरियात असे निवेदन १९६२ च्या कायद्याखाली द्यावे लागतेच. क्वीन्सलँडने त्यासाठी वेगळा नमुना आणि वेगळे नियम केले. एकत्र येण्याची संधी होती, तिथे आणखी एक फरक जन्माला आला. जुना कायदा जवळजवळ ५० वर्षे चालला. नवाही तेवढाच टिकला, तर क्वीन्सलँडशी या विषयावर पुन्हा बोलायला आघाडीला २०७० चे दशक उजाडेपर्यंत थांबावे लागेल.