प्रवास उंबऱ्यापासून मोजा

चेन्नई ते तिरुचिरापल्ली हे हवाई अंतर तीनशे किलोमीटरही भरत नाही. रेल्वेने ते सुमारे 336 किलोमीटर पडते. विमानाला साधारण एक तास, वंदे भारतला सुमारे चार तास. तिरुचिरापल्लीमार्गे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाकडे निघालेल्या मराठी अभ्यासकालाही हीच निवड करावी लागते. नुसते हे दोन आकडे पाहिले, तर विमानाची बाजू निर्विवाद वाटते.

पण प्रवास घराच्या उंबऱ्यापासून मोजायला हवा. एग्मोर भागातून विमानतळ गाठायला पाऊण तास लागतो. चेक-इन आणि सुरक्षा तपासणीसाठी दीड तास आधी पोचावे लागते. उतरल्यावर सामान घेऊन शहरात शिरेपर्यंत आणखी पाऊण तास जातो. बेरीज चार तासांवर पोचते. रेल्वे मात्र भर वस्तीतून निघून भर वस्तीत सोडते. स्टेशनवर जाण्या-येण्याचा वेळ धरला, तरी विमानाने वाचतो तो अर्धा-पाऊण तास. रात्रीच्या रॉकफोर्ट एक्स्प्रेसने जाणाऱ्याचा तर कामाचा दिवसही मोडत नाही.

शिवाय चेन्नई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही मोकळेपणाने वापरता येत नाहीत. या मार्गावरचे सत्तरेक आसनांचे एटीआर विमानही धावपट्टीवर मोठ्या विमानासारखीच स्वतंत्र पाळी घेते.

म्हणून ही उड्डाणे बंद करावीत का? आमचे उत्तर नकारार्थी आहे. पुण्याहून किंवा दिल्लीहून येऊन चेन्नईत विमान बदलणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. तो विमानतळावर आलेलाच असतो. वयस्क रुग्णाला सामानासह शहरात नेऊन गाडीत बसवणे म्हणजे त्याचे हाल करणे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे असेल, तर वंदे भारतच्या वेळा प्रत्येकाला जुळतीलच असे नाही. फ्रान्सनेही 2023 मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेचा पर्याय असलेल्या मार्गांवरची देशांतर्गत उड्डाणे थांबवताना, पुढचे विमान पकडणाऱ्या प्रवाशांसाठीची उड्डाणे वगळली.

तेव्हा उड्डाणे राहावीत, पण त्यांच्या वेळा येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या विमानांशी जुळवाव्यात. शहरातून शहरात जाणाऱ्यांसाठी मात्र सरकारी पैसा आधी रेल्वेवर खर्च व्हावा. तिरुचिरापल्लीकडे जाणारा लोहमार्ग चेन्नई विमानतळासमोरच्या तिरुसुलम स्टेशनातूनच जातो. तिथे लोकल थांबते, वंदे भारत थांबत नाही. निवडक लांब पल्ल्याच्या गाड्यांना तिथे थांबा द्यावा. ते जमत नसेल, तर विमानतळापासून तांबरम स्टेशनापर्यंत सामानासह नेणारी बस सुरू करावी आणि विमान-रेल्वेचे एकच तिकीट मिळावे. एवढे झाले, तर विमान बदलणाऱ्या अनेकांनाही रेल्वे परवडेल, आणि धावपट्टीवरची ती पाळी जिथे रेल्वे वेळेत पोचूच शकत नाही अशा दूरच्या गावांच्या विमानांना देता येईल.