कामगारांचे निवाडे खुले ठेवा!



नव्या कामगार संहितांवरचा आपला राग जुनाच आहे. तो इथे पुन्हा मांडत नाही. हे पत्रक एकाच गोष्टीसाठी आहे.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम 17 सरकारला बजावत होते की, कामगार न्यायालयाचा किंवा न्यायाधिकरणाचा निवाडा हाती आल्यापासून 30 दिवसांत तो प्रसिद्ध करा. प्रसिद्धीशिवाय निवाडा अमलातच येत नसे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने हे बंधन काढून टाकले. आता निवाडा दोन्ही पक्षांना आणि सरकारला कळवला की झाले! 78 वर्षे जो कागद जनतेचा होता, तो सरकारी फायलीत गेला.

मॅनेजमेंटचे यात काय बिघडते? तिच्या वकिलाच्या कपाटात जुन्या सगळ्या फायली असतात. कुठली चौकशी सदोष ठरली, कोणाला मागच्या पगारासह कामावर घ्यावे लागले, त्याला सगळे ठाऊक. बडतर्फ कामगाराच्या हातात मात्र एकच पत्र. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार करायला 90 दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात घर चालवायचे, वकील गाठायचा आणि याच कारखान्यात आधी कोणाला असेच काढले होते का, हेही शोधायचे. जुन्या निवाड्याची नक्कल मागितली की प्रश्न येतो, "तुमचा काय संबंध?" संबंध पोटाचा आहे!

माहितीचा अधिकार आहे ना, असे सांगणाऱ्यांनी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल वाचावा. नक्कल न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायची, असे त्यात ठरले. आणि गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमांत त्रयस्थाला कारण सांगून प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

म्हणे धंद्याची गुपिते फुटतील. ती राखायला जुन्या कायद्यात कलम 21 होतेच. माणसाला बेकायदा काढले, हे कसले गुपित?

म्हणे कामगाराची बदनामी होईल. निलंबितांची नावे गेटवरच्या बोर्डावर लावणाऱ्यांना हा कळवळा शोभत नाही. नाव उघड झाले की दुसरीकडे नोकरी मिळत नाही, हे आम्हीच भोगतो. म्हणून कामगाराचे नाव झाका, निवाडा झाकू नका. लैंगिक छळाच्या तक्रारींना 2013 च्या कायद्याने दिलेली गोपनीयता तशीच राहू द्या.

आमची मागणी: प्रत्येक निवाडा 30 दिवसांत, मोफत, मालकाच्या नावासह आणि मराठीत प्रसिद्ध करण्याची तरतूद राज्य सरकारने करावी. आपल्या युनियनच्या पुढच्या सभेत हा ठराव मंजूर करा आणि सह्यांनिशी कामगारमंत्र्यांकडे पाठवा.