दुधाचे दात : पडणारे, तरी मोलाचे

‘दुधाचेच दात ते, आज ना उद्या पडणारच, त्यांची एवढी काळजी कशाला?’ हे उद्गार अनेक घरांत सहज निघतात. बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु तीन-चार वर्षांचे मूल रात्री गालावर हात ठेवून रडत उठते, एकाच बाजूने चावते, पुढे जेवणच टाळू लागते. तेव्हा ही समजूत किती महाग पडली, हे ध्यानात येते.

मुखातील सूक्ष्म जीवसृष्टीचे पहिले दर्शन १६८३ मध्ये हॉलंडमधील लेव्हेनहुक याला झाले. दातांवरील पांढरा थर भिंगाखाली पाहून त्याने ते वृत्त लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. दंतक्षयाशी संबंधित प्रमुख जंतूचे, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचे, वर्णन १९२४ मध्ये क्लार्क या संशोधकाने केले. हा जंतू बाळाकडे बहुधा घरातील मोठ्यांच्याच लाळेतून येतो. आपण चाखलेला चमचा बाळाच्या मुखात देणे, हे त्याचे नित्याचे निमित्त. म्हणून बाळाच्या दातांची निगा आईवडिलांच्या दातांपासून सुरू होते.

हे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लात दाताच्या कवचातील खनिजे विरघळतात. नंतर लाळ ती हळूहळू परत भरून काढते. हा जणू रोजचा जमाखर्चच. एकदाच गोड खाल्ले, तर लाळेला भरपाईस अवधी मिळतो. दिवसभर बिस्कीट, चॉकलेट, गोड पेय चालूच राहिले, तर खर्च वाढतो आणि जमा थांबते. म्हणून गोडाच्या प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते किती वेळा खाल्ले याला महत्त्व आहे. झोपेत लाळ फार कमी स्रवते. दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात प्रथम किडतात, ते यामुळेच.

किडीची पहिली खूण काळी नसते. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसतो. तेवढ्यात लक्ष दिले, तर झीज थांबविता येते. खड्डा पडल्यावर मात्र दंतवैद्यावाचून उपाय नाही.

दुधाचे वीस दात कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्यांतील काही दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात. त्या अकाली काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात सरकून नव्या दाताची वाट अडते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी दाढ कोणताही दात न पडता मागे उगवते. ती दुधाची समजून दुर्लक्षिली जाते; वस्तुतः ती आयुष्यभराची असते.

पहिला दात दिसताच दिवसातून दोनदा ब्रश करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी व पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांत काही ठिकाणच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. तेथे प्रथम दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याखेरीज काही देऊ नये. पहिल्या वाढदिवसापूर्वी दंतवैद्याकडे एकदा जाऊन यावे.

रोजची ही चार मिनिटे ज्या घरात निघतात, त्या घरातील मूल रात्री शांत झोपते.