गाडीवरची पारदर्शक फिल्म

ईदच्या आदल्या रविवारी आम्ही गाडी धुवायला बाहेर दिली. तिथल्या पोराने जोराचा फवारा अगदी जवळून बोनेटच्या कडेवर मारला आणि रंग जपण्यासाठी पैसे साठवून लावलेली पारदर्शक फिल्म तिथे उचलली गेली. दोष आमचाही, आधी सांगायला हवे होते.

ही फिल्म पॉलियुरेथेनची, साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची. उडालेले खडे ती झेलते, बारीक चरे उन्हाच्या उबेने भरूनही येतात. पण पाखरांची शीट आणि झाडाचा चीक राहू दिला तर डाग बसतो. शाळेत आमची गाडी झाडाखालीच असते. अशा वेळी घासायचे नाही. ओले फडके काही मिनिटे ठेवून डाग मऊ झाला की अलगद टिपायचा. रॉकेल, पेट्रोल, भांड्यांची घासणी लांबच बरी. फिल्म नवी असेल तर आठवडाभर गाडी धुऊच नका.

आता गाडी घरीच धुतो, सावलीत, बोनेट थंड झाल्यावर. आधी धूळ पाण्याने उतरवायची. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा सौम्य शाम्पू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. बोअरचे पाणी तसेच वाळले तर पांढरे ठिपके पडतात, म्हणून लगेच मायक्रोफायबरने पुसतो. धाकटीने विचारले, “अब्बा, वुजूला पाणी जपून वापरा म्हणता, मग गाडीला?” तेव्हापासून पाइप लावत नाही.

उचललेली कड बोटाने दाबून बसली नाही, आत धूळ गेली होती. तेवढा तुकडा बदलावा लागेल. ईदनंतर बघू.