बाटली कधी बुडवली?

दर मे महिन्यात एक बातमी ठरलेली असते. नालेसफाई इतके टक्के पूर्ण! मग विरोधक विचारतात, कुठली सफाई? मग पाहणी दौरे, मग गाळाचे फोटो, मग पहिला पाऊस आणि तुंबलेलं हिंदमाता. आपणही एखादी रील टाकतो, दोन दिवस वैतागतो आणि विसरून जातो. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न राहूनच जातो. नाल्यातून पाणी वाहून गेलं, छान झालं. पण ते पाणी होतं कसं?

पाणी 'किती' वाहून जावं याचा हिशेब मुंबईकडे आहे. शहराच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस पेलतील अशा बेताने बांधलेल्या. १९९३च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटर करायला सांगितलं. २६ जुलै २००५ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुठे त्या कामांनी वेग घेतला. हा हिशेब गरजेचाच आहे, कारण प्रश्न जीवाचा असतो. पण 'कसं' या प्रश्नाचा हिशेब इतक्या ठळकपणे कुणी मांडत नाही. सांडपाणी निदान प्रक्रिया केंद्रात जावं अशी अपेक्षा तरी असते. पावसाचं पाणी मात्र नाल्यातून थेट खाडीत आणि समुद्रात जातं.

आता जरा विचार करा. आठ महिने रस्त्यावर काय काय साचतं? गाड्यांचं ऑइल, टायरची झीज, ब्रेकची धूळ, बांधकामाचं सिमेंट, गॅरेजबाहेरचं ग्रीस, कचरा. पहिली जोरदार सर येते आणि हे सगळं धुऊन नाल्यात नेते. म्हणून पहिल्या सरीचं पाणी सगळ्यात घाण असतं. नंतर पाऊस वाढतो, प्रदूषण पातळ होतं आणि तेच पाणी कागदावर बरं दिसू लागतं.

म्हणजे रिपोर्टमधला आकडा फक्त प्रदूषणावर ठरत नाही. बाटली कधी आणि कुठे बुडवली, यावरही ठरतो.

आपल्याकडे केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळं नद्या-खाड्यांचे नमुने नेमून दिलेल्या ठिकाणांहून ठरावीक काळाने घेतात. हे काम मोलाचं आहे. केंद्रीय मंडळाने २०२२मध्ये देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले आणि त्यात सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले निघाले, हे आपल्याला अशाच बाटल्यांमुळे कळलं. पण नमुन्यांचं वेळापत्रक कॅलेंडरवर चालतं, ढगांवर नाही. पहिली सर मंगळवारी पडली आणि बाटली पुढच्या गुरुवारी बुडवली, तर त्या सरीने काय वाहून नेलं ते कुणालाच कळणार नाही.

अमेरिकेत १९८७च्या कायदादुरुस्तीने पावसाचं पाणीही परवान्याच्या चौकटीत आणलं. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या औद्योगिक परवान्यात एक साधी अट आहे. नमुना शक्यतो पाणी वाहू लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात घ्यायचा, आणि आधीच्या पावसाला किमान ७२ तास उलटलेले हवेत. म्हणजे सगळ्यात घाण पाणी मुद्दाम पकडायचं! ठरवलेली पातळी ओलांडली म्हणून लगेच दंड होत नाही, पण कारण शोधून उपाय करावे लागतात. ते टाळलं तर नियमभंग.

आता सरासरीचा खेळ बघा. समजा, एका नाल्याच्या चार नमुन्यांत न विरघळलेल्या कणांचं प्रमाण लिटरला ४०, ३०, ३० आणि ३०० मिलिग्रॅम आलं. सरासरी १००. आपल्याकडे प्रक्रिया केलेलं पाणी नदी-नाल्यात सोडताना मर्यादाही १००च आहे. झालं, पास! आपल्या मार्कशीटवर चालतं का असं? तीन विषयांत चांगले मार्क मिळाले तरी चौथ्यात एटीकेटी लागतेच ना? मग नाल्याला वेगळा न्याय का?

आणि नेहमीच्या चाचण्यांत पास होणंही दरवेळी पुरत नाही. सिअ‍ॅटलजवळच्या ओढ्यांत पाऊस पडून गेला की कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. शेवटी २०२०मध्ये संशोधकांनी गुन्हेगार शोधला. टायर टिकावा म्हणून रबरात घातलेल्या रसायनाची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन एक विषारी पदार्थ तयार होत होता. कुठल्याच नेहमीच्या तपासणीत त्याचं नाव नव्हतं. मासे मरताना पाहून कुणीतरी पावसाचंच पाणी तपासायचं ठरवलं, म्हणून तो सापडला.

आपल्या खाड्यांमध्ये आजही कोळी बांधव जाळी टाकतात. ते मासे आपल्याच ताटात येतात. त्यामुळे आमचं म्हणणं सरळ आहे. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोठ्या नाल्यांच्या मुखाशी पहिल्या पावसाचा नमुना घ्यावा. प्रत्येक आकड्यासोबत तारीख, वेळ आणि आधीचा पाऊस द्यावा. आणि 'चांगलं', 'वाईट' अशा शेऱ्यांसोबत मूळ आकडेही जाहीर करावेत. नालेसफाईचे टक्के रोज सांगता येतात, तर हेही सांगता येईल.

आता तुमच्याबद्दल. ईव्हीएसचा प्रोजेक्ट सगळ्यांनाच असतो आणि तो सिनिअरच्या फाइलमधून कसा उतरवला जातो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा कॉलेजजवळचा एक नाला घ्या. जानेवारीत, पावसाचा थेंब नसताना, पर्जन्यजल वाहिनीतून पाणी वाहताना दिसलं तर ते पावसाचं नक्की नाही. मग कुणाचं? हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याचा रंग, वास, गढूळपणा, फेस, तेलाचा तवंग यांची वेळेसकट नोंद करा, काठावरून फोटो काढा. नाल्यात उतरायचं मात्र नाही, भर पावसात तर नाहीच; लेप्टो होतो. मंडळाच्या वेबसाइटवरचे आकडे एक्सेलमध्ये टाका. नमुना नेमका कधी घेतला ते तिथे नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

पुढच्या वेळी कुणी 'पाणी निकषांत आहे' असं सांगितलं, तर मान डोलावण्याआधी एवढंच विचारा. बाटली कधी बुडवली होती?